नशा सुटल्यावर गाणं बेचव का लागतं

दारू सोडून महिना झालेला माणूस भजनाला बसतो. पेटी तीच, पखवाज तोच, बुवांचा आवाजही तोच. गजर चढतो, आजूबाजूची माणसं डोलू लागतात, आणि याला काहीच होत नाही. अंगावर काटा नाही, डोळ्यांत पाणी नाही. टाळ हातात नुसता वाजत राहतो. घरी बोलून दाखवलं तर ‘अजून तुझं चित्त त्या बाटलीतच आहे’ असं ऐकावं लागतं. हळूहळू त्यालाही वाटू लागतं की आपल्यातला रसिक दारूबरोबरच गेला.

कोकणात ही गोष्ट जास्त बोचते. सप्ताह, डबलबारी, दशावतार, नमन, जाखडी, शिमग्याचा ढोल यांच्यावर इथल्या गावांचं वर्ष चालतं. ज्याला यातलं काहीच आत पोचत नाही तो गावात राहूनही परका होतो, आणि पुन्हा पेला हातात घ्यायला तेवढं कारण पुरतं. म्हणून आधीच सांगतो: हा बेचवपणा खरा आहे, तो मेंदूतल्या बदलांमुळे येतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ओसरतो. त्या काळात गाण्याशी कसं वागायचं हे मात्र ठाऊक असायला हवं.

काटा येतो तो कुठून

गजराचंच बघा. लय पायरीपायरीने वाढते, कोरस सूर उचलून धरतो, पखवाजी तिहाई, म्हणजे तोच तुकडा तीनदा, सुरू करतो आणि ऐकणाऱ्याला कळतं की आता सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येणार. सम येण्याआधीचे ते दोन-तीन क्षण आणि सम आल्याचा क्षण, या दोन्ही वेळी मेंदूत वेगवेगळं घडतं. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात २०११ मध्ये हे मोजलं गेलं. गाणं ऐकताना ज्यांना काटा येतो अशा माणसांना त्यांच्याच आवडीचं संगीत ऐकवलं आणि मेंदूतलं डोपामिन, म्हणजे ओढ आणि आनंद यांच्याशी जोडलेलं रसायन, तपासलं. वाट पाहण्याच्या काळात ते कॉडेट नावाच्या भागात वाढलं, तर प्रत्यक्ष कळसाच्या क्षणी न्यूक्लिअस अ‍ॅक्युम्बन्स नावाच्या भागात. त्याच विद्यापीठात २००१ मध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं होतं की जेवण, शरीरसुख आणि नशेचे पदार्थ यांनी मेंदूचे जे भाग जागे होतात, तेच भाग काटा आणणारं संगीतही जागे करतं.

डोपामिन नुसतं सोबतीला असतं, की आनंद त्याच्यावर अवलंबून असतो? बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये याचं उत्तर शोधलं. २७ निरोगी माणसांना त्यांनी वेगवेगळ्या दिवशी तीन गोळ्या दिल्या: डोपामिन वाढवणारी लेव्होडोपा, डोपामिनचं काम अडवणारी रिस्पेरिडोन आणि औषध नसलेली साधी गोळी. लेव्होडोपा घेतल्यावर गाण्याचा आनंद वाढला, रिस्पेरिडोननंतर तो घटला. एवढंच काय, आवडलेल्या गाण्यासाठी किती पैसे मोजायची तयारी आहे हेही त्याप्रमाणे वरखाली झालं.

डोपामिनच्या जोडीला शरीर स्वतः बनवतं ती अफूसारखी रसायनं, म्हणजे एंडॉर्फिन आणि त्याचे भाऊबंद, कामाला असतात. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, मेंदूत ज्या कुलपांना जाऊन बसते त्याच कुलपांच्या या आपल्या मूळच्या किल्ल्या. मॅकगिलमध्येच २०१७ मध्ये निरोगी माणसांना ही कुलपं अडवणारी नॅल्ट्रेक्सोनची ५० मिलिग्रॅमची गोळी देऊन गाणी ऐकवली, तेव्हा आनंदी आणि दुःखी दोन्ही प्रकारच्या गाण्यांना मिळणारा भावनिक प्रतिसाद मंदावला.

संगीताला मेंदूत स्वतःची वेगळी वाट नाही. पोटभर जेवण, प्रियजनाची भेट, समुद्रावरून सुखरूप परत येणं यांचा आनंद ज्या यंत्रणेतून मिळतो, तीच यंत्रणा गाणं वापरतं आणि नशाही तीच वापरते. पुढचं सगळं बिघडतं ते या एका कारणाने.

नशेत गाणं खरंच जास्त ऐकू येतं का

‘घेतल्याशिवाय रंग येत नाही’ हे वाक्य शिमग्यात कुठल्याही वाडीत ऐकू येतं. ते निव्वळ खोटं म्हणून झटकून टाकलं तर ज्याने तो रंग अनुभवलाय तो पुढचं काहीच ऐकणार नाही. नशेत अनुभव बदलतो, हे मान्य करूनच पुढे जावं लागेल.

दारूने संकोच सुटतो. आपण बेसूर गातोय का, नाचताना वेडे दिसतोय का, ही चौकशी मनातल्या मनात चालू असते, ती बंद पडते. गटात मिसळणं सोपं होतं. त्याच वेळी लहान मेंदूचं काम ढिलं पडतं आणि वेळेची अचूकता जाते. वाजवणाऱ्याला वाटतं आज हात सुटलाय, आणि कोरसवाल्यांना त्याचा ठेका पकडून ठेवताना घाम फुटतो. स्वतःच्या वादनाची पारख करणारा भागच गुंगीत असल्याने चूक त्याला ऐकू येत नाही. मंडळात गेल्या वर्षीचं मोबाईलवरचं ध्वनिमुद्रण असेल तर शुद्धीत असताना ते लावून ऐकावं. याहून परिणामकारक उपदेश आमच्या पाहण्यात नाही.

गांजा-चरसची तऱ्हा वेगळी. लक्ष एकाच आवाजावर खिळतं आणि झांजेची किणकिण कानात वेगळी उमटते. वेळही ताणल्यासारखा वाटतो: ‘६० सेकंद झाले की सांगा’ म्हटलं तर गांजा ओढलेला माणूस बहुधा आधीच हात वर करतो. त्याच वेळी अल्पकाळ गोष्टी लक्षात ठेवणारी स्मृती कमजोर होते. आधीचा चरण धरून ठेवून पुढच्याची वाट पाहणं, बंदिशीचा घाट समजणं या गोष्टी त्या स्मृतीवर चालतात. त्यामुळे क्षण मोठा होतो आणि रचना हातातून निसटते. लंडनमध्ये २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात गांजा घेतलेल्यांची गाणं ऐकण्याची इच्छा वाढलेली आढळली, आवाज अधिक ठळक वाटत असल्याचंही त्यांनी सांगितलं. मेंदूतल्या आनंदाच्या आणि श्रवणाच्या भागांचा संगीताला मिळणारा प्रतिसाद मात्र मंदावलेला होता. इच्छा वर आणि प्रतिसाद खाली, ही जोडी लक्षात असू द्या. व्यसनाचं सगळं रूप तिच्यात दिसतं.

एमडी, म्हणजे मेफेड्रोन, आणि तसल्या उत्तेजक पावडरींनी डोपामिन थेट उसळतं. एकसुरी ठोका तासन्‌तास पुरतो, थकवा कळत नाही, अंग तापतं, पाणी पिण्याचं भान राहत नाही. गर्दच्या बाबतीत तर गाण्याची गरजच उरत नाही. ऊब आणि निवांतपणा पदार्थच देतो, गाणं मागे कुठेतरी वाजत असतं.

मग रिकामपण का

रोज बाहेरून एवढं मिळू लागलं की मेंदू आपली बाजू सावरून घेतो. डोपामिन पकडणाऱ्या ग्राहकांपैकी (रिसेप्टर, वर सांगितलेल्या कुलपांसारखेच) डी-२ नावाचे ग्राहक कमी होतात; दारू, कोकेन, हेरॉइन आणि मेथअ‍ॅम्फेटामिन या सगळ्यांच्या व्यसनात हे मेंदूच्या स्कॅनवर दिसलेलं आहे. ताण निर्माण करणारी यंत्रणा मात्र जास्त जोराने चालू लागते. नशा चालू असेपर्यंत दोन्ही बाजू कशाबशा तोलून धरलेल्या असतात. नशा थांबली की वर उचलणारं गेलं आणि खाली ओढणारं तसंच राहिलं. खाऱ्या मासळीला सरावलेल्या जिभेला पेज अळणी लागावी तसं होतं. पेजेत काही कमी झालेलं नसतं.

गाण्याला याचा फटका चटकन बसू शकतो, कारण त्याचा आनंद नाजूक अंदाजांवर उभा असतो. भुकेल्याला भात तरी गोड लागतो. सम येण्याची वाट पाहायला मेंदूत थोडी शिल्लक लागते आणि नेमकी तीच संपलेली असते.

दुसरं एक कारण मानसशास्त्रज्ञ टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी १९९३ मध्ये मांडलं. एखादी गोष्ट हवीशी वाटणं आणि ती मिळाल्यावर आवडणं या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यसनात हवंसं वाटणं वाढत जातं आणि आवडणं तिथेच राहतं किंवा घटतं. म्हणून जुना पिणारा प्यायल्यावरही फारसा खुश नसतो, तरी बाटली दिसली की त्याचे पाय तिकडे वळतात. ‘एवढं वाईट वाटतं तर पितोस कशाला’ हा घरच्यांचा प्रश्न या फरकाकडे न पाहता विचारलेला असतो.

भरून यायला किती दिवस लागतात हे पदार्थावर ठरतं. गांजाचे मेंदूतले ग्राहक सोडल्यापासून दोन दिवसांतच सुधारू लागतात आणि साधारण चार आठवड्यांत पूर्वपदाच्या जवळ येतात. दारूमुळे आलेली उदासी बऱ्याच जणांत तीन-चार आठवड्यांत बरीच हलकी होते. मेथअ‍ॅम्फेटामिनसारख्या उत्तेजकांना सर्वांत जास्त वेळ लागतो. त्याच्या अभ्यासात डोपामिनच्या यंत्रणेची लक्षणीय भरपाई दिसायला वर्षभराहून अधिक काळ गेला. त्यामुळे दहाव्या दिवशी डबलबारीला जाऊन ‘मला काही वाटत नाही’ असा निष्कर्ष काढणं घाईचं आहे.

महिना-दीड महिना उलटूनही गाणं, जेवण, मुलं, काम यांपैकी कशातच मन रमत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते व्यसनाआड लपलेलं नैराश्य असू शकतं. त्यावर वेगळे उपचार आहेत. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं, आणि मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी जावं.

पहिल्या चार दिवसांत आवाजच झेपत नाही

रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली की सहा ते आठ तासांत हात थरथरू लागतात. झटके येण्याचा धोका साधारण पहिल्या ४८ तासांत असतो, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास भ्रम, ताप, छातीत धडधड अशी जीवघेणी अवस्था येऊ शकते. या काळात कानही विलक्षण हळवे होतात. भांडं पडलं तरी माणूस दचकतो. काहींना कुणीतरी बोलल्याचे किंवा दूर वाद्यं वाजत असल्याचे भास होतात. म्हणूनच दारू तुटण्याची तीव्रता मोजण्यासाठी डॉक्टर जी प्रश्नावली वापरतात तिच्यात ‘आवाज कर्कश वाटतात का, त्यांची भीती वाटते का, नसलेलं काही ऐकू येतं का’ असा प्रश्नच आहे.

कोकणात नेमकी चूक इथे होते. ‘शिमग्यापासून सोडतो’ असा देवासमोर शब्द दिला जातो आणि पहिल्या-दुसऱ्या दिवशी तो माणूस ढोल-ताशांच्या मधोमध पालखीसोबत उभा असतो. शब्द द्यावा, पण आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटून, औषधांच्या आधाराने दारू तोडून मग उत्सवात उतरावं. रोज पिणाऱ्याने घरी कोंडून घेऊन एकदम सोडणं धोक्याचं आहे. आधी कधी झटके आले असतील तर रुग्णालयातच. डॉक्टर झोपेची आणि झटके रोखणारी औषधं देतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात. ते कमी पडलं तर स्मृती आणि चाल कायमची बिघडू शकते.

गर्दची ‘टर्की’, म्हणजे ती तुटतानाचा त्रास, वेगळी असते. शेवटच्या दमानंतर ८ ते २४ तासांत ती सुरू होते, दोन-तीन दिवसांत टोकाला जाते आणि आठवड्याभरात बरीच उतरते. हाडं दुखतात, नाकडोळे वाहतात, जुलाब होतात. या काळात गाणं मदतीला येईल अशी अपेक्षा ठेवू नये. शांत खोली, पाणी आणि डॉक्टर, एवढं पुरे.

एक ठरावीक गाणं आणि उसळणारी तलफ

ज्या गाण्यांसोबत वर्षानुवर्षं नशा केली ती गाणी नशेची घंटा बनतात. ढोलाचा पहिला ठोका, एखादं कोळीगीत, वरातीतल्या बँडची ठरलेली धून कानावर पडली की नशा येणार असा मेंदूचा हिशेब पक्का झालेला असतो. तोंडाला पाणी सुटतं, छाती धडधडते, जीव कासावीस होतो. साधारण १० ते ३० वयातली गाणी माणसाच्या आठवणीत सर्वांत घट्ट बसतात. बहुतेकांचं व्यसनही त्याच वयात सुरू होतं. आयुष्यातली सर्वांत लाडकी आणि सर्वांत धोक्याची गाणी बऱ्याचदा एकच निघतात ती यामुळे.

इथे एक बारकावा आहे आणि तो चाकरमान्यांच्या घरी माहीत असायलाच हवा. मुंबईत किंवा पुण्यात व्यसनमुक्ती केंद्रात राहून, समुपदेशकासोबत ती गाणी पुन्हा पुन्हा ऐकून त्यांची धार कमी करता येते. पण ‘हे गाणं म्हणजे दारू’ ही जुनी नोंद त्यामुळे पुसली जात नाही. तिच्यावर ‘हे गाणं आणि दारू नाही’ अशी नवी नोंद चढते, आणि ही नवी नोंद जिथे शिकली त्या जागेला चिकटून राहते. सहा महिने चेंबूरच्या खोलीत बिनधोक गेलेला माणूस गणपतीला गावच्या अंगणात उतरतो, जाखडीचा ढोल घुमतो, तोच मांडव, तेच मित्र, आणि तलफ पहिल्या दिवसासारखी उसळते. हा निश्चय कच्चा असल्याचा पुरावा नाही. नवी सवय गावात शिकलेलीच नसते, ती तिथे नव्याने शिकावी लागते.

म्हणून सोडल्यानंतरच्या पहिल्या गणपतीला किंवा शिमग्याला गावी जाण्याची तयारी आधी करावी. सोबत न पिणारा एक माणूस ठरवावा आणि त्याला स्पष्ट सांगावं की मी खूण केली की आपण निघायचं. रात्रभर चालणाऱ्या दशावताराला पहिल्या वर्षी पहिले दोन तासच बसावं. झोप मोडली, पोट रिकामं राहिलं, राग आला किंवा एकटं पडलं की तलफ दुप्पट होते, आणि पहाटे तीनला जत्रेत या चारही गोष्टी एकत्र भेटतात. घरी परतायची गाडी संध्याकाळीच ठरवून ठेवावी. जेवून निघावं. खिशात गरजेपुरतेच पैसे असावेत.

तरीही तलफ आली तर तिच्याशी झुंजत मांडवात बसून राहू नये. ती लाटेसारखी चढते आणि बहुधा १५ ते ३० मिनिटांत उतरते. आवाज कानाआड होईल इतकं दूर चालत जावं, पाणी प्यावं, काहीतरी खावं, ठरलेल्या माणसाला फोन करावा आणि अर्धा तास घड्याळाकडे पाहत काढावा. गर्द सोडलेल्यांसाठी एक इशारा: काही आठवडे बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वीचाच डोस त्या दिवशी घेतला तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. नशा सुटलेल्या माणसांचे बरेच मृत्यू असेच होतात.

वादकाचे हात, गायकाचा जबडा

पिऊन सराव केलेल्या वादकाला सोडल्यावर एक विचित्र अडचण येते: पाठ असलेले बोल आठवत नाहीत. नशेत शिकलेलं नशेतच जास्त सहज आठवतं, हे दारूवरच्या प्रयोगांत १९६९ मध्येच दिसलं होतं. ‘घेतल्याशिवाय हात चालत नाही’ यामागे हेही एक कारण असतं. यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. रोज २०-२५ मिनिटं, नेहमीच्या निम्म्या लयीत, सगळे ठेके नव्याने बसवायचे. महिनाभर कार्यक्रम घ्यायचा नाही. सकाळची थरथर सरावाने जाणारी नसते. ती दारू तुटण्याची खूण आहे आणि एक पेग मारून ती थांबवणं म्हणजे तिला उद्यासाठी राखून ठेवणं.

गायकांचा शत्रू मात्र बऱ्याचदा गुटखा आणि सुपारी असतो, दारूइतकं त्याकडे लक्ष जात नाही. सुपारीमुळे तोंडाच्या आतलं अस्तर हळूहळू ताठर होतं. आधी तिखट खाताना तोंड भाजतं, मग गालाच्या आतून पांढुरके पट्टे लागतात, मग तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये घालून पाहावीत. ती जात नसतील तर दंतवैद्याला दाखवायला हवं. मऊ टाळू आखडली की ‘आ’कार मोकळा लागत नाही, आणि टाळूजवळचे स्नायू कानाकडे जाणारी नळी उघडत असल्याने कान दडे बसल्यासारखा होतो. गाणं आणि ऐकणं दोन्ही जातं. आलेला ताठरपणा सहसा पूर्ण मागे जात नाही, आणि त्यातून कर्करोग होण्याचा धोका असतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण टपरीवर काय मिळतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

कानाचं गणित थोडक्यात. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास सोसतो; पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. डीजेच्या भिंतीजवळ हा आकडा सहज ओलांडला जातो. मोठा आवाज आला की मध्यकर्णातला एक बारीक स्नायू आखडून आतल्या कानाला जपतो. दारूने तो सुस्त होतो आणि दुखण्याची जाणीवही बोथट होते. शुद्धीतला माणूस मागे सरकतो, प्यायलेला पुढे जातो. दुसऱ्या दिवशी कानात ‘चीं’ आवाज राहिला तर इजा झाली असं समजावं.

गाण्याकडे परत येण्याची रीत

पहिले दोन आठवडे अपेक्षाच ठेवू नका. हळू आवाजात, दिवसातून १०-१५ मिनिटं, बिनशब्दांचं काही चाललं तर चालू द्या, नाही तर शांतता बरी.

मग वही घेऊन गाण्यांचे तीन गट करावेत: नशेशी जोडलेली, कशाशीच न जोडलेली आणि व्यसनाच्या आधीची. सुरुवात तिसऱ्या गटापासून करावी. लहानपणीच्या आरत्या, आजीच्या ओव्या, शाळेतल्या प्रार्थना इथे फार उपयोगी पडतात, कारण त्यांची ओळख मेंदूत आधीपासून आहे आणि त्यांना दारूचा वास नाही. पहिल्या गटाला निदान काही महिने हात लावू नये. नंतरही आधी समुपदेशकासोबत ऐकावं, मग घरी, आणि शेवटी प्रत्यक्ष त्या जागी, सोबत घेऊन.

ऐकण्यापेक्षा करण्याने जास्त फरक पडतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१२ मध्ये गाणाऱ्या, ढोल वाजवणाऱ्या आणि नाचणाऱ्या माणसांची वेदना सोसण्याची क्षमता तपासली. ती वाढलेली होती, आणि ती वाढणं हे एंडॉर्फिन सुटल्याचं लक्षण मानतात. नुसतं बसून ऐकणाऱ्यांत ती तशी वाढली नाही. म्हणजे सोडलेल्या माणसाला भजनात मागे भिंतीला टेकवून बसवू नये. टाळ हातात द्यावा, कोरसमध्ये घ्यावं. काही वाटो न वाटो, हात आणि गळा चालू राहू द्यावा.

नवं काहीतरी शिकणं त्याहून चांगलं: कधी न म्हटलेला अभंग, न वाजवलेला ताल. त्याला जुना इतिहास नसतो. मात्र नवी चाल आवडायला ओळख लागते, तेव्हा एकच रचना आठवडाभर रोज घ्यावी, मगच मत बनवावं. रोज रात्री वहीत ० ते १० मध्ये एक आकडा लिहावा, आज गाणं किती पोचलं. कालच्या आकड्याशी तुलना करू नये, गेल्या महिन्याच्या सरासरीशी करावी. सुधारणा इतकी संथ असते की वहीशिवाय ती दिसत नाही.

संगीतोपचाराबद्दल अवास्तव आशा नको. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळून पाहणाऱ्या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यानुसार नेहमीच्या उपचारांना त्याची जोड दिली तर तलफ कमी व्हायला मदत होण्याची शक्यता आहे. जोड म्हणून तो चांगला, औषध आणि समुपदेशन सोडून एकटा पुरेसा नाही.

औषधांचा प्रश्न हमखास येतो. वर उल्लेख आलेली नॅल्ट्रेक्सोन दारू आणि अफूवर्गीय व्यसनासाठी दिली जाते. मॅकगिलचा प्रयोग निरोगी माणसांवर, एकाच गोळीनंतरचा होता. तरी ही गोळी चालू असताना गाणं फिकं वाटलं तर डॉक्टरांना जरूर सांगावं. मनाने गोळी बंद करू नये; फिकं गाणं सोसता येतं, पुन्हा सुरू झालेली दारू सोसत नाही. आणि गर्द शरीरात असताना ही गोळी घेतली तर जबर टर्की लागते, म्हणून शेवटच्या डोसनंतर सहसा ७ ते १० दिवस जाऊ दिले जातात.

रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय आणि जिल्हा रुग्णालयांतले मानसोपचार विभाग ही कोकणातली जवळची ठिकाणं. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालू आहे. फोनवर बोलायचं तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. पोलिसांच्या भीतीने गर्द-गांजावाले उपचारांना येत नाहीत, म्हणून १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातलं कलम ६४-अ सांगायला हवं: स्वतःच्या सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा गुन्हा असलेल्या व्यसनी माणसाने स्वेच्छेने सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट टाकले तर ते काढून घेता येतं.

भजनी मंडळांनी आणि देवस्थानच्या मानकऱ्यांनी दोन गोष्टी केल्या तरी पुष्कळ होईल. तालमीची वेळ संध्याकाळी सहाची ठेवावी, कारण साडेआठनंतर येणारा माणूस बऱ्याचदा घेऊनच येतो. आणि वादकाचा मान बाटलीने राखायची पद्धत जिथे असेल तिथे ती बंद करून ठरलेली बिदागी रोख द्यावी, नारळ-पानासोबत, सगळ्यांसमोर.